मीठ मोहरी लसूण भाज्या सोडा

३ मार्च, सोमवार

उतू गेलं! शेगडी, ओटा, माझा पायजमा — सगळं आंबट. सोडा पडताच पातेलं असं काही फसफसलं की मी दोन पावलं मागे. पाचएक मिनिटं थयथयाट करून मग आपोआप निवलं. पण झालं एकदाचं! फ्लॉवर, कोबी, काकडी, मुळा, ढोबळी मिरची, लसणाच्या सोललेल्या पाकळ्या. तीन बरण्या काठोकाठ. हवा लागू नये म्हणून वरून तेलाचा थर दिला (हे माझं डोकं!), झाकणं करकचून आवळली आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवल्या.

हिची साखर उपाशीपोटी १८६ निघाली. डॉक्टरांनी सकाळची गोळी सुरू केली. हिच्या भावाचा पाय गेल्या वर्षी घोट्यापासून काढला. तोही सुरुवातीला "थोडीशी वाढलीय" असंच म्हणायचा. त्या दिवसापासून मला हिच्या पायांकडे बघवत नाही. चप्पल लागली तरी मी लगेच दुसरी आणतो. मी निवृत्त होऊन दोन महिने झालेत, हिच्या नोकरीची अजून सहा वर्षं आहेत. तेव्हा स्वयंपाक आता माझ्याकडे. भात, बटाटा, पाव, साखर — चारही हद्दपार.

आहारवाल्या बाईंनी फोनवर कृती पाठवली, बिनसाखरेचं तोंडी लावणं. बाई हुशार, पण विरामचिन्हांशी उभा दावा! "व्हिनेगर पाणी निम्मे निम्मे उकळा उकळी आली की मीठ मोहरी लसूण भाज्या सोडा गार झाल्यावर बरणीत भरा". सगळं एका दमात. चौतीस वर्षं मुद्रितं तपासली, असलं बघून हात शिवशिवतात. कार्डावर नीट उतरवून घेतलं: मीठ, मोहरी, लसूण, भाज्या, सोडा. स्वल्पविरामांसकट. फ्रिजवर चिकटवलं. सोडा किती ते बाईंनी लिहिलं नव्हतं. मीठ दोन मोठे चमचे, म्हणून सोडाही दोन मोठे चमचे. भाज्यांचा रंग टिकायला असणार.

चव घेतली. माझं नाक छापखान्याने केव्हाच घालवलंय, त्यामुळे वासाचं सांगता येत नाही. पण व्हिनेगरचा तो दात आंबवणारा जहालपणा पार गेलाय. मऊ, गुळगुळीत. बेस्ट.

४ मार्च

हिच्या डब्यात पहिल्यांदा दिलं. दोन उकडलेली अंडी चिरून त्यातच कालवली, म्हणजे वेगळं काही लागायलाच नको. संध्याकाळी दारातच विचारलं, कसं होतं?

"छान झालंय हो."

नुसतं छान?

"अहो, नियंत्रकसाहेबांनी अर्धं संपवलं. बोटं चाटत होते."

ही बसस्थानकावर घोषणा करते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येणार. नियंत्रक गाड्या सोडतो, ही त्या सांगते. एकाच खोलीत टेबलं आहेत. बरा माणूस आहे. खाऊ दे बिचारा.

६ मार्च

डबा रिकामा! रिकामा म्हणजे चक्क धुतलेला! तीस वर्षांत हिने डबा तिकडून धुऊन आणला नव्हता.

सकाळचा आकडा १५१. बाईंना कळवला. त्यांनी टाळ्या पाठवल्या.

९ मार्च, रविवार

आज ही घरी. ताटात वाढलं तर सगळं माझ्याकडे सरकवलं. "तुम्ही घ्या, तुम्हाला आवडतं." मी खाल्लं. दोघांचं मिळून मीच खाल्लं. हिने नुसती भाजी आणि ताक घेतलं. माझ्यासाठी मन मारते, दुसरं काय.

आकडा १२८.

१० मार्च, सोमवार

अक्षर वेडंवाकडं येतंय, येऊ दे.

सकाळी आकडा ११२ आला. बाईंना कळवला. अकराच्या सुमारास त्यांच्या ग्रुपवर कुणा एका शिक्षिकेने विचारलं होतं, "बाई, तोंडी लावण्यात सोडा कुठला घालायचा? खाण्याचा की कपड्यांचा?" खाली हसण्याची चित्रं. मीही हसलो. कपड्यांचा! साडेबाराला बाईंचं उत्तर आलं.

"सोडा?? कुठला सोडा? भाज्या पाण्यात सोडा असं म्हणतेय हो मी!! सोडा म्हणजे टाका! चुकूनही खायचा सोडा घालू नका. त्याने आंबटपणा मरतो. आंबटपणा हीच तर राखण आहे. तो गेला की बंद बरणीत, त्यातून लसूण आणि वर तेल असेल तर, विष तयार होऊ शकतं. दिसत नाही, वास येईलच असं नाही. गंमत नाही ही."

मी दोनदा वाचलं. तीनदा वाचलं. फ्रिजवरच्या कार्डाकडे बघितलं. मीठ, मोहरी, लसूण, भाज्या, सोडा. ते स्वल्पविराम माझे! बाईंच्या वाक्यात एकही नव्हता. भाज्या सोडा. पाण्यात सोडा. चार वर्षांच्या पोरालाही कळेल.

त्या शिक्षिकेने विचारलं. मी दुरुस्त केलं.

कपाट उघडलं. दोन बरण्या रिकाम्या होत आलेल्या, तिसरी न उघडलेली. तिसरीचं झाकण मध्ये फुगलं होतं. बोटाने दाबलं तर टक्कन आवाज आला. आणि मग आठवलं — डबा! आज सकाळीच भरून दिलाय!

ही एक वाजता जेवते. बारा पन्नास झाले होते. फोन केला तर घोषणेच्या वेळी तिचा फोन बंद असतो. तसाच निघालो, घरातल्या चपला, शर्टाचं एक बटण लावलेलं. रस्त्यात एक रिक्षा थांबेना. शेवटी धावलो. या वयात, या गुडघ्यांनी. लोक वाट देत होते, कुणाची तरी गाडी चुकतेय असं समजून.

पोचलो तेव्हा एक वीस. काचेच्या खोलीत ही माइकपाशी बसलेली. टेबलावर डबा. उघडा. रिकामा. धुऊन उपडा घातलेला.

"अहो! तुम्ही इथे?"

जेवलीस?

"झालं की जेवण. आज इतका घाम का आलाय तुम्हाला?"

सहज आलो होतो म्हणालो. या बाजूला काम होतं. कसलं काम, तिने विचारलं नाही. तिला गाडीची घोषणा करायची होती.

येताना औषधवाल्याकडे गेलो. माझ्या एका मित्राने असं असं केलं, म्हटलं. त्याने मान वर करून नीट बघितलं माझ्याकडे. म्हणाला, बहुधा एक-दोन दिवसांत कळतं, पण दहा दिवसांपर्यंतही लागू शकतात. पापण्या जड होतात. एकाचे दोन दिसतात. जीभ बोजड होते, शब्द लोळतात. गिळता येत नाही. मग श्वास. "मित्राला सांगा, ज्याने ज्याने खाल्लंय त्याला आजच डॉक्टरांना दाखव."

बरण्या गोणपाटात गुंडाळून, पिशव्यांत पिशव्या घालून लांबच्या कचरापेटीत टाकल्या. हात चारदा धुतले. पातेलं फेकलं. कार्ड फाडलं.

हिला सांगितलं नाही. सांगायला हवं. सांगायलाच हवं! सगळी वाक्यं मनात जुळवून ठेवली होती. ती आली, पाय धुतले, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आज घरी आल्यावर बरं वाटलं." मी चहा टाकायला उठलो. चौतीस वर्षं लोकांच्या चुका काढून खाल्ल्या मी. ही गमतीने म्हणायची, "तुमची एखादी चूक मला सापडू द्या हो कधीतरी, मी पेढा ठेवीन." आणि चूक सापडली ती ही! हिला मी माझ्या हाताने, अंडी कालवून कालवून, आठ दिवस...

भित्रा आहे मी. लिहून ठेवतो.

वीस तारखेपर्यंत दहा दिवस होतात.

११ मार्च

फळी रिकामी दिसली तर ही विचारेल. म्हणून ही कामावर जाताच पुन्हा केलं. व्हिनेगर निम्मं-निम्मं नाही, सगळंच व्हिनेगर. लसूण नाही. तेल नाही. सोडा तर घरातूनच घालवला. बरण्या उकळून घेतल्या, तशाच तीन, तितक्याच भरल्या, आणि या वेळी फ्रिजमध्ये ठेवल्या. आता हे खरं तोंडी लावणं. इतकं आंबट की डोळ्यांत पाणी आलं. की ते दुसऱ्याच कशाने आलं, कोण जाणे.

संध्याकाळी चहा पिताना हिच्या पापण्या बघत होतो. डावी जरा खाली आहे का? लग्नातल्या फोटोत बघितलं. तेव्हाही तशीच होती.

"काय बघताय?"

काही नाही.

"म्हातारी दिसतेय का मी?"

छे! म्हटलं. चहाचा घोट अडकल्यासारखा झाला. आणि लगेच ते गिळण्याचं आठवलं. धावत आरशासमोर गेलो. माझ्या पापण्या ठीक. पाणी प्यायलो, गेलं खाली.

१२ मार्च

आज बसस्थानकावर जाऊन बसलो. नवव्या फलाटाच्या बाकावर, खांबाआड. तिथून काचेची खोली दिसत नाही, पण कर्णा बरोबर डोक्यावर आहे.

दहा ते चार. तिची एकूण सत्तेचाळीस वाक्यं ऐकली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." प्रवाशांनी मधला प्र. कृपयाचा कृ. लक्ष मधला क्ष. जोडाक्षरांत जीभ लोळली तर आधी कळेल. ळ आला की मी श्वास रोखायचो. तिचा ळ फार सुंदर आहे. तीस वर्षं ऐकतोय आणि आज कळलं. सगळी अक्षरं खणखणीत होती. एकदाच "विलंबाने"च्या ऐवजी "वि... विलंबाने" झालं. मी बाकावरून अर्धा उठलो. शेजारच्या बाईने विचारलं, "काका, पाणी हवंय का?"

तिच्याआधी घरी पोचायचं म्हणून चारला उठलो. ती आली ती थेट स्वयंपाकघरात. उभ्या उभ्या मूठभर शेंगदाणे तोंडात टाकले. भूक आहे म्हणजे गिळता येतंय! जीव भांड्यात पडला.

१३ मार्च, गुरुवार

बाईंचा फोन आला. वाजू दिला. पुन्हा आला, पुन्हा वाजू दिला. आकडे कळवले नाहीत दोन दिवस म्हणून असणार. उचलला की विचारतील, तोंडी लावणं कसं झालं? आणि मला खोटं बोलता येत नाही. मौन राखता येतं, ते सध्या जमतंय. मग त्यांचा निरोपही आला. उघडला नाही. ग्रुप मुका करून टाकला. वीस तारीख उलटली की सगळं सांगेन त्यांना. फोन करून, नीट, माफी मागून.

आकडा १०४. एरवी नाचलो असतो.

१४ मार्च

नियंत्रक आला नाही!

आज घोषणा करायला ही आणि गाड्या सोडायला कुणी दुसराच, मिशीवाला. मी खांबाआडून उठलो, हिंमत करून चौकशीच्या खिडकीशी गेलो. नेहमीचे साहेब?

"तब्येत बरी नाही म्हणे."

काय झालंय?

"काय की. काल अचानक गेले."

काल अचानक! त्याने पहिल्याच दिवशी अर्धं खाल्लं होतं. बोटं चाटून! कितव्या दिवशी खाल्लं, किती खाल्लं, हिशेब मांडतोय तर आकडे डोळ्यांसमोर नाचतायत. त्याला दोन मुली आहेत. धाकटी अजून शाळेत. मी खुनी झालो तर? शिक्षा काय होते नजरचुकीला? नजरचूकच ना ही! नजर चुकली असती तर गोष्ट वेगळी होती. मी नीट बघून, लेखणी हातात धरून, सुधारून चुकलो.

रात्री जेवताना हिला विचारलं, तुझे साहेब का आले नाहीत? "मला काय माहीत. असेल काहीतरी." इतकी शांत! तिला काय कल्पना.

१५ मार्च

डोळे ठीक. जीभ ठीक. पाच दिवस.

१७ मार्च, सोमवार

नियंत्रक परत आला! फलाटावर उभा, शिट्टी मारतोय, अंगठ्याला एवढं मोठं बँडेज! दारात चेमटला म्हणे. फक्त अंगठा! मी त्याला मिठी मारायचा बाकी होतो.

चहा पाजला त्याला. त्याने मला ओळखलं, "अरे, वहिनींचे साहेब!" म्हणाला. आडून आडून विचारलं, झोप येते का, डोळ्यांना काही? "काही नाही हो, अंगठा तेवढा ठणकतो." मग म्हटलं, ते तोंडी लावणं आवडलं ना तुम्हाला?

"कुठलं तोंडी लावणं?"

डब्यातलं. भाज्यांचं, आंबट. तुम्ही अर्धं खाल्लंत.

तो बघतच राहिला. "मी? नाही बुवा. मी घरी जाऊन जेवतो."

माझ्या पायाखालची जमीन सरकली. माणूस खाल्लेलं विसरलाय! विष डोक्यात जातं का? औषधवाल्याने स्मरणशक्तीचं काही सांगितलं नव्हतं. तडक त्याच्याकडे गेलो. माझ्या मित्राच्या मित्राला, म्हटलं, खाल्लेलं आठवतच नाही. त्याने दुसऱ्या गिऱ्हाइकाला थांबवलं आणि हळू आवाजात म्हणाला, "काका, त्यांचं राहू दे. तुम्ही किती दिवस झोपला नाहीत?"

१८ मार्च

ही आली तेव्हा कपाळ ओलं होतं. हात कापत होते, पर्सची साखळी लागेना. विचारलं तर चिडली. ही कधी चिडत नाही. "सोडा हो! दमलेय मी. माणसाने दमायचंही नाही का?" मी तशीच तिला टेबलाशी बसवली. जेवली, दोनदा वाढून घेतलं. अर्ध्या तासात पुन्हा पहिल्यासारखी. माझी क्षमा मागितली वर.

हातांचं काही म्हणाला नव्हता औषधवाला. घामाचंही नाही. मग हे काय? आठव्या दिवशी? सुरुवात अशीच होत असेल का?

आता पुरे. उद्या ती घरी आली की सांगतो. सगळं. सोड्यापासून. आणि मग सरळ दवाखान्यात. मला जे म्हणायचं ते म्हणू दे. बोलली नाही महिनाभर तरी चालेल. असली पाहिजे.

१९ मार्च, बुधवार

लिहितो. लिहिल्याशिवाय डोकं थांबणार नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात बसलोय. पेन परिचारिकेचं आहे.

बाकावर होतो. पावणेतीनला तिची घोषणा आली. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे, फलाट क्रमांक चार..." आणि थांबली. मग पुन्हा, "फलात कमांक चार". फलात! ट गेला, र गेला. मी उभा राहिलो. तिसऱ्यांदा तेच, आणखी संथ, तोंडात काहीतरी धरून बोलल्यासारखं. मग नुसती खरखर. आजूबाजूचे लोक हसले. कुणीतरी म्हणालं, बाईंना झोप लागली.

कसा पोचलो आठवत नाही. दार ढकललं. ती खुर्चीत एका बाजूला कललेली, पदर घामाने चिकटलेला, डोळे उघडे. माझ्याकडे बघून अगदी घोषणेच्या आवाजात म्हणाली, "प्रवाशांनी आत येऊ नये."

मी आहे गं, म्हटलं. मी!

"आपण चौकशी खिडकीवर विचारावे."

मला ओळखलं नाही तिने. चौतीस वर्षांत कुठल्या कागदाने माझी अशी दशा केली नव्हती. मी ओरडलो. नियंत्रकाने तसल्या अंगठ्याने तिला उचललं, उभ्या असलेल्या एका गाडीत घातलं आणि बस, अख्खी बस, प्रवाशांसकट, दवाखान्याच्या दारात नेली.

आत मी जो दिसेल त्याला सांगत सुटलो. विष आहे! मी घातलंय! सोडा घातला मी, लसूण, तेल, झाकण फुगलं होतं! चष्मेवाली तरुण डॉक्टर, मला मुलगी शोभेल इतकी लहान, माझ्याकडे ढुंकूनही बघेना. तिने हिचं बोट टोचलं, यंत्र बघितलं आणि म्हणाली, "बेचाळीस."

बेचाळीस काय?

"साखर. साखर संपलीय यांच्या रक्तातली. सरका."

शिरेतून साखर दिली. साखर! जी मी घरातून हुडकून हुडकून हद्दपार केली. पाव तासाने हिने डोळे इकडेतिकडे फिरवले, मला बघितलं आणि म्हणाली, "अहो, तीनची गाडी कुणी सांगितली?" स्पष्ट. सगळी अक्षरं जागेवर. मी भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडलो.

मग त्या डॉक्टरने माझा सोडा ऐकून घेतला. पापण्या तपासल्या, गिळायला लावलं, हिला आणि मलाही. "नऊ दिवस झाले, दोघांतही काही दिसत नाही. उद्यापर्यंत लक्ष ठेवू. हे त्याने झालेलं नाही. मधुमेहाची गोळी चालू आहे ना? आणि पोटात पिठूळ काही नाही, गोड काही नाही. आकडे खाली येत होते तर गोळी कमी नाही केली? कुणी सांगितलं नाही तुम्हाला?"

मी फोन काढला. तेरा तारखेचा निरोप उघडला.

"११२ म्हणजे उत्तम. पण आता सकाळची गोळी निम्मी करा, नाहीतर साखर फार खाली जाईल. डॉक्टरांशी बोलले आहे. हात कापले, घाम आला तर लगेच काहीतरी गोड द्या. वाचलंत की कळवा."

एकही स्वल्पविराम चुकलेला नाही. पूर्णविराम सगळे जागच्या जागी. आणि मी तो सहा दिवस न वाचता खिशात घेऊन फिरलो.

डॉक्टरने आणखी एक विचारलं. दुपारी काय खाल्लं होतं यांनी? मी म्हटलं, दोन अंडी आणि भाज्या, रोज डबाभर. ती म्हणाली, डबाभर खाऊनही इतकी उतरायला नको होती.

२० मार्च

हिला सगळं सांगितलं. सोडा, बरण्या, बाक, न उघडलेला निरोप. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी एक घास घेतला. साबण चावल्यासारखं लागलं. तेव्हापासून रोज मागच्या नळाशी ओतून डबा धुवायचे." नवं केलं होतं ना मी, चांगलं? "मला काय माहीत! मी पुन्हा चाखलंच नाही." नियंत्रकाने? "ते कशाला खातायत." मग दुपारचं काय खायचीस? "काही नाही."

का नाही सांगितलंस?

तिने पांघरुणाची घडी घातली. "निवृत्त झाल्यापासून तुम्ही दोन महिने नुसते खिडकीत बसून होतात. जेवा म्हटलं की जेवायचात, झोपा म्हटलं की झोपायचात. मी कामावर असताना दर तासाला शेजारच्यांना फोन करून विचारायचे, आहेत ना हो घरात? त्या दिवशी पातेलं उतू घालवलंत आणि पहिल्यांदा हसलात. मग मी काय सांगणार? पुन्हा तसे होऊन बसलात तर, या भीतीने माझा घास उतरत नव्हता."

आणि मी समजत होतो, घरात घाबरलेला मी एकटाच!